भालकीच्या वाटेवर जागा झालेला फोन

दादा गेला आणि त्याचा फोन माझ्याकडे उदगीरला आला, तेव्हापासून त्याला रेंजच नव्हती. दुकानदार म्हणाला, "त्या नंबरावर दुसऱ्या कुणी नवं सिम काढलं की जुनं असंच बंद पडतं." मला एकच नाव सुचलं. शिवा, आमचा चुलतभाऊ. दादाचं लग्न झालं नव्हतं, आईवडील आधीच गेलेले. त्याचं कर्नाटकातल्या दुबलगुंडीचं शेत आता माझ्याकडे येणार होतं आणि शिवा सारखा फोन करून विचारत होता, "अक्का, पेरणीचं काय करू?" शेत त्याच्या हाती द्यायचं की नाही, हे बघायला मी निघाले. नंबराबद्दल त्याला काही बोलले नव्हते, फक्त येतेय एवढं कळवलं.

उदगीरहून भालकीला कर्नाटकाची बस सकाळीच घ्यावी, दुपारी ऊन सोसत नाही. तिकडे बायकांना बस फुकट आहे, पण आधार कार्ड कर्नाटकाचं लागतं. माझं पाहून कंडक्टरने तिकीट फाडलं. शेजारची बाई त्याच्यावर उखडली, "आरं, माहेराला जायलीय ती! माहेरवाशिणीला कसलं तिकीट?"

"माहेर आधारवर छापत न्हाईत, अक्का."

बस हसली. सीमा ओलांडून थोडं पुढे गेलो आणि माझ्या पिशवीत फोन वाजू लागला. एकामागून एक मेसेज. दादाच्या फोनला पूर्ण रेंज होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण मनात आलं, आजच कशी आली? मी येतेय हे कळल्यावर शिवाने नंबर सोडला की काय?

भालकी स्टँडवर गाडी बदलायची असते. तिथे सुसला आणि मिरची भजी घेतली. ओल्या चुरमुऱ्यांचा हा फोडणी दिलेला प्रकार तीस रुपयांत पोट भरतो. हळ्ळीखेडपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे खड्डे. खिडकीतून नांगरलेली काळी रानं दिसत होती. सगळी तयार होती. आमचंच राहिलं होतं.

दुबलगुंडीला पोचल्यावर शिवाने पाणी दिलं, भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. जेवण झाल्यावर मी फोन त्याच्यापुढे ठेवला. "हा उदगीरला बंद असतो. इथे चालतो. कसा काय?"

"कामून, तुला ठावं न्हाई?" त्याने स्वतःचा फोन काढून सेटिंग उघडलं. नेटवर्क आपोआप निवडायचं बंद होतं. कर्नाटकाचं तेवढं हाताने निवडलेलं. "दादानं आमच्या समद्यांचे फोन असे बांधून ठिवलेत. पूर्वी आडतीला माल घालाया उदगीरला गेलो की रोमिंगमधी बॅलन्स उडायचा. म्हनून तिकडचं नेटवर्क धरूच द्यायचं न्हाई."

"आता रोमिंगला पैसे पडत नाहीत."

"म्या किती बार सांगटलं! पन दादाला पटतंय व्हय?"

तो दादाबद्दल अजून असाच बोलत होता, जणू तो रानात गेलाय.

मला आठवलं, दादा माझ्याकडे यायचा तेव्हा त्याचा फोन कधीच वाजायचा नाही. मला वाटायचं, बहिणीकडे आलाय म्हणून बंद ठेवतो.

तरीही मी शिवाला होकार दिला नाही. "कळवते," म्हणाले. सेटिंग दाखवलं म्हणजे माणूस दाखवला असं होत नाही. बसथांब्यापर्यंत सोडायला तो आला, पेरणीचं नावही काढलं नाही. नाव न काढण्याचाही मला संशय आला.

तिकडचं सिम घेऊन इकडे येणाऱ्यांनी नेटवर्क आपोआप निवडीवर ठेवावं आणि रोमिंग चालू करावं. घरी पोचल्यावर मी तेच केलं. थोड्या वेळात स्क्रीनवर इकडचं नेटवर्क आलं. आता शेवटची खात्री करायची होती. या फोनवरून केलेला कॉल खरंच दादाच्या नंबरावरून जातो का? मी त्यावरूनच शिवाला लावला.

पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"शिवा, मी अक्का."

"अक्का, ह्या नंबरावरून लावू नगंस गं. दादा म्हनून नाव येतंय."

मी म्हणाले, "उद्या पेरणी धर."