सुमननं तोंड पाहिलंच नव्हतं

सुमन गेली तेव्हा मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी शोधत होतो. मुलाचा फोन आला, "बाबा, वर या"... आवाजावरूनच कळलं. त्याला सहा आठवडे झाले. इथल्या प्लेनो गावच्या आमच्या मराठी मंडळातले लोक येतात, काकू किती सोशिक होत्या म्हणतात, मला ते ऐकवत नाही. मंडळाचा अंक काढणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, काकूंबद्दल काहीतरी छान लिहा." मी सातवी शिकलेला माणूस. छान लिहिता येत नाही, झालं ते लिहितो.

मेव्हण्याच्या ओळखीनं टेक्सासात आलो आणि हायवेवरचं गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप आणि त्यातलं दुकान, चालवायला घेतलं. गल्ल्यावर सुमन. परक्या पुरुषाच्या तोंडाकडे बघायचं नाही ही तिची माहेरची सवय, गिऱ्हाइकाचे नुसते हात बघायची. मी चिडवायचो, "उद्या हातमोजे घालून आलो तर मला ओळखशील का?" म्हणायची, "नाही ओळखणार. बरंच होईल." एका दुपारी एक काळा माणूस पिस्तूल घेऊन शिरला, तिच्या कानशिलात पिस्तुलाचा दस्ता हाणला, गल्ला घेऊन पळाला. पळताना टोपी पडली. तीन दिवसांनी पोलिसानं टेबलावर संशयितांचे सहा फोटो मांडले. तिला इंग्रजी येत नव्हतं, दुभाष्या मीच. ती म्हणाली, "अहो, मी तोंड पाहिलंच नाही, त्यांना तसं सांगा." पोलिसाचं बोट तिसऱ्या फोटोपाशी टकटक करत होतं. मी त्याला सांगितलं, ती म्हणतेय, हाच... दुकान बंद पडलं होतं, मला घाई होती. आणि खोटं कशाला बोलू, कुठलाही काळा मला चालला असता. घरी तिला दरडावलं, "पोलीस काय येडे आहेत? कोर्टात बोट दाखव आणि मोकळी हो." तिनं दाखवलं. माझ्याकडे बघत दाखवलं.

तो तिसऱ्या फोटोतला मार्कस एकोणीस वर्षं आत होता. मग एका वकिलीणबाईनं ती टोपी तपासायला लावली, त्यावरचा डीएनए दुसऱ्याच माणसाचा निघाला. मार्कस सुटताना टीव्हीवर दिसला, केस पांढरे झालेले. त्याची आई मधेच वारलेली. मंडळातला एक शहाणा म्हणाला, "काका, त्यानं दुसरं काहीतरी केलंच असेल यार." त्याला मी चहा न देता घालवला. पण बोलत होता तो माझ्याच मनातलं.

सुमननं नातीला बसवून मार्कसला माफीचं पत्र लिहायला घेतलं. नातीनं विचारलं, "आजी, हूज मिस्टेक वॉज इट?" मी समोरच मटार सोलत होतो. सुमन माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ... मी मान वर केली नाही. मग ती म्हणाली, "माझी. लिही."

सुमन गेल्याचं कळून गेल्या आठवड्यात मार्कसचा फोन आला. म्हणाला, एवढ्या लोकांत माफी फक्त तुमच्या बायकोनं मागितली. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. फोटो, पोलिसाचं बोट, मी काय बोललो ते. तो एवढंच म्हणाला, "यू हॅड टाइम, सर." आणि फोन ठेवला.

त्या पत्राच्या दिवसापासून सुमन माझ्या खोलीत झोपली नाही. भांडली नाही, गोळ्या वेळेवर द्यायची, जेवायला वाढायची. पण मागच्या खोलीत वेगळी कॉट टाकून घेतली, पाच वर्षं. मुलगा म्हणतो, बाबा, ती कॉट गराजमध्ये टाकू. मी म्हटलं, हात लावू नको. तिनं घडी घातलेली चादर तशीच आहे. मी दारापर्यंत जातो आणि उभा राहतो. आत या, असं ती कधी म्हणाली नव्हती.