दाराबाहेरचे आठ दिवस

माझी मुलगी बरी झाली, हे आधीच सांगून टाकतो. कोणाला उगाच ताटकळत ठेवणं माझ्या स्वभावात नाही. पण तेव्हा ती सात वर्षांची होती, रक्ताचा कॅन्सर निघाला होता, आणि नागपूरचे डॉक्टर प्रत्येक डोसनंतर बजावायचे, "आता तिची प्रतिकारशक्ती एकदम कमी होईल. साधी सर्दीसुद्धा घरात येऊ देऊ नका. ताप आला तर पुढचा डोस लांबेल, आणि तो लांबलेला आपल्याला चालणार नाही."

आमचं घर जाम गावच्या चौरस्त्याजवळ. पुढे किराणा दुकान, मागे राहायच्या खोल्या. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरल्यासारखं. लोक बिस्किटांचे पुडे, अंगारा घेऊन यायचे आणि थेट पोरीच्या गालाला हात लावायचे. मी मधल्या दारात तेलाची दोन रिकामी पिंपं लावली आणि सांगितलं, भेट इथूनच. काहींनी नाकं मुरडली. मुरडू दे म्हटलं.

एका रविवारी हिंगणघाटहून माझी थोरली बहीण आली. खोकत होती. तिलाही मी पिंपांपाशीच थांबवलं.

"पोरगी मायी बी हाये. मले काऊन भायेर उभं करून राह्यला?"

"तुले खोकला हाये म्हणून."

आणलेला डबा पिंपावर ठेवून ती आल्या पावली परत गेली. मला वाईट वाटलं, पण चुकलो असं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

पुढे एका डोसला नऊ दिवस उरले असताना मला शिंका सुरू झाल्या. नुकतंच लाल मिरचीचं पोतं सोडलं होतं, म्हणून मिरचीवर ढकलून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी घसा धरला, तरी माझं आपलं मिरचीच. दुपारी जेवायला आत निघालो, तर पोरगी पिंपांपलीकडे उभी. डोक्यावर केस नाहीत, तोंडाला आईने शिवलेली फडक्याची पट्टी.

"बाबा, तुमी आत नोका येऊ."

"मिरची हाये वं ते."

"आत्याले येऊ देल्लं नाई तुमी. मंग तुमी बी नाई."

मागे बायको हसत होती. माझी कपड्यांची पिशवी तिने आधीच भरून ठेवली होती. मला सणकून राग आला. माझ्याच घरात मला अडवायची तोवर कोणाची छाती झाली नव्हती. पण पोरीचं खरं होतं, आणि मिरचीचं मी खोटं बोलत होतो.

जाणार कुठे? बहिणीकडेच गेलो. तिने दार उघडलं, मला खालीवर पाहिलं.

"ये. आता तू बी भायेरचाच."

आठ दिवस तिच्याकडे मुक्काम, सकाळी बसने दुकानात. पोरीला पिंपांपलीकडून पाहायचं, तेवढंच.

डोसच्या दिवशीही माझा खोकला गेला नव्हता. बायको तिला घेऊन नागपूरला गेली. आधी रक्त तपासून मगच डोस द्यायचा की नाही ते ठरणार होतं. मी गल्ल्यावर बसून साखर मागणाऱ्याला मीठ देत होतो. दुपारी फोन वाजला. पोरगीच होती.

"डोस लागला, बाबा. सुई टोचली तवा मी रडली नाई. तुमी रडले का तिकडे?"

समोर चार गिऱ्हाईकं उभी होती. मी हो म्हणालो.