तोड लागती का?

मागच्या भाऊबीजेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, मस्तगडातल्या आमच्या घराच्या बैठकीत माझ्या आत्यावर अन्याय झाला. आरोपी तीन: पुण्याहून आलेला माझा दादा, त्याची गेमची मशीन आणि मी. बाबांना साक्षीदार करायचा विचार होता, पण जिंकले तेच. मंग चार धरा.

आमच्याकडं भाऊबीजेला ओवाळून झालं की चल्लसआठचा डाव पडतो. फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं काढायची, फासे म्हणून फोडलेले चिंचोके. आत्या जिंकली तर ती आणखी दोन दिवस राहते. बाबा जिंकले तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं कुंभार पिंपळगावला परत. हे कुणी ठरवलं, कुणालाच आठवत नाही. पण तिकडून तिच्या मुलाचा फोन आला आणि तिनं "डाव जिंकले" एवढं सांगितलं की तोही गप्प बसतो. दिवाळीत कापूस फुटलेला असतो, वेचणी तोंडावर असते. ते दोन दिवस हीच तिची वर्षाची सुट्टी.

या डावाचा एकच कायदा: तोड. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय तुमची सोंगटी आतल्या घरात जात नाही. कडेकडेनं, कुणाच्या वाटेला न जाता, सभ्य माणसासारखं जिंकता येत नाही. माझं अर्धं राजकीय शिक्षण या फरशीवर झालंय.

या खेपेला दादानं हातात मावणारी ती मशीन काढली. तिच्यात म्हणे पन्नास खेळ. कॅरम आहे, पण पावडर नाही. पत्ते आहेत, पण चोरून बघता येत नाहीत, म्हणजे पत्ते नाहीतच. दादा म्हणाला, खडूनं फरशी कशाला घाण करायची, लुडो लावू, एकच आहे. आत्या, बाबा, दादा. आणि चौथा गडी खुद्द मशीनच. आमच्या घरात तिला ओवाळणी तेवढी द्यायची राहिली.

मी कोपऱ्यात नळाच्या पाण्याच्या मोर्चाचं पत्रक लिहीत होते. 'प्रशासन आमचं ऐकून घेत नाही' या वाक्यावर आले होते. आत्यानं विचारलं, "माय, यात तोड लागती ना गं?"

मी मान वर न करता म्हणाले, "हां आत्या, सगळं तेच हाय."

आत्या पुढं होती. तिची पहिली गोटी घराच्या तोंडाशी आली, पण तोड झाली नव्हती, म्हणून तिनं ती तिथंच उभी केली आणि मागच्या गोट्या बाबांच्या पाठीमागं सोडल्या. मधे ती दूध बघायला उठली. परत आली तर बाबांची गोटी आत. तिनं विचारलं, ह्याची तोड कधी झाली? दादा म्हणाला, मशीन चुकत न्हाई आत्या. तिला वाटलं, आपण दुधापाशी असताना झाली असेल. ती कायद्यानं थांबून राहिली आणि बाबा एकेक करत चारही गोट्या घेऊन गेले. मशीननं तुतारी वाजवली, रंगीत कागद उडवले. बाबांनी अख्ख्या डावात एक गोटी मारली नव्हती.

आत्या पडद्याकडं बघत राहिली. मंग म्हणाली, "बरं. मशीनच म्हणून राह्यली तर." आणि पिशवी भरायला उठली. बाबा हसत म्हणाले, "आक्का, हारलीस बराबर." मी पत्रकाचं शेवटचं वाक्य ठळक करत होते.

सकाळी ती गेल्यावर मी मशीन हातात घेतली. तोड नसताना बाबांना आत सोडलं म्हणून या कंपनीवर कडक पत्रक काढायचं, मथळाही तयार होता. लुडोच्या नियमांचं पान उघडलं. तिथं एक चौकोन होता: मारल्याशिवाय घर नाही. रिकामा. बोट लावलं की बरोबरची खूण येत होती. मशीनला तोड माहीत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. तीन शिकलेली माणसं त्या बैठकीत होती, आणि विचारलं फक्त आत्यानं.

दादाला दाखवलं तर तो म्हणाला, गेम आहे गं, सोड. बाबा म्हणाले, निकाल लागला. मी आत्याला फोन लावला. ती वेचणीत होती, धाप लागलेली. मी सगळं सांगितलं, चूक माझी हेही सांगितलं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "पुढच्या बारीला मी इचारलं तर मान वर करशील का?"

मथळा फाडला. ते पत्रक निघालं नाही, हे निघालं.

तर वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडंही अशी मशीन येईल, आली असेल. पहिला फासा पडायच्या आधी घरातल्या सगळ्यात जुन्या खेळणारीला विचारा: तोड लागती का? आणि ती उत्तर देईपर्यंत मान खाली घालू नका.