साथीला हळूबाई

अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर संगीताची शाळा काढायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याचे कान काही धड नसणार, असं शाळेतले शिक्षक चेष्टेनं म्हणत. खाली लाल गाड्या, वर पियानो. कुठे आग लागली की खालची घंटा घणघणायची, गाड्या भोंगा वाजवत सुटायच्या आणि वर चाललेला धडा असेल तिथे थांबायचा. पोरं धावत खिडकीशी, शिक्षक कपाळाला हात लावून जागच्या जागी. पण वस्तीनं हौसेनं उभी केलेली शाळा ती. शिकायला कुणीही यावं, वयाची अट नाही. शिकवणारे मात्र सगळे मुरलेले वादक. मुख्याध्यापकांनी उभा जन्म पोलिसांच्या बँडमध्ये कर्णा फुंकला होता. व्हायोलिन शिकवणारे गृहस्थ प्रवासी बोटीवर जेवणाऱ्या लोकांना रिझवत अर्धं जग फिरले होते, आणि त्या अर्ध्या जगातली फक्त बंदरं त्यांनी पाहिली होती. आणि कोपऱ्यातल्या खोलीत, जिथे खिडकीची एक काच कायम खडखडत असे, तिथे पियानो शिकवायची ती हळूबाई.

नाव पोरांनी ठेवलेलं. कुणीही येऊन बसलं की दोन ओळी होतात न होतात तोच मागून आवाज यायचा, "हळू. हळू. आग खाली लागते, इथे नाही." तिला हे नाव कळलं तेव्हा ती रागावली नाही. उलट मुख्याध्यापकांना म्हणाली, "बरंय की. आयुष्यभर दुसऱ्याच्या चालीनं चालले, निदान आता माझी एक चाल आहे म्हणायची."

आणि ते खरंच होतं. हळूबाईचं सगळं आयुष्य साथीत गेलं होतं.

तिचे वडील नाटकगृहात सुतार होते. रंगमंचावरचे राजवाडे, खिडक्या, जिने, सगळं त्यांच्या हातचं, आणि त्यातलं एकही खरं नाही. जिना वर चढून कुठेच जात नसे. आई लवकर गेली, म्हणून शाळा सुटली की पोर नाटकगृहातच यायची. भुश्शात बसून अभ्यास करायची, भूक लागली की वडिलांच्या डब्यातला पाव खायची आणि कंटाळा आला की रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात उतरायची, जिथे वाजवणारे बसत. तिथे पियानो होता. तो वाजवणाऱ्या बाई कडक, सडपातळ, नाकावर चष्मा आणि चष्म्याच्या वर राग. पोरानं पियानोजवळ नुसतं शिंकलेलंही त्यांना खपत नसे.

एकदा पियानो हलवताना त्याचा पुढचा पाय मोडला. दुसरीकडून आणायला महिना गेला असता आणि खेळ तर तोंडावर आलेला. वडिलांनी जुन्या दाराचं लाकूड घेतलं, घासलं, कोरलं आणि असा पाय बसवला की कुठला नवा नि कुठला जुना ते बाईंना चष्मा पुसूनही कळेना.

"बोला मिस्त्री," बाई म्हणाल्या, "तुम्हाला काय देऊ?"

वडील अबोल माणूस. त्यांनी खड्ड्याच्या कोपऱ्यात दडून बसलेल्या पोरीकडे बोट केलं. "हिला शिकवा."

बाईंनी पोरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हात दाखव. हं. धुऊन ये आधी."

बाईंनी तिला पियानो शिकवलाच, पण त्याहून मोठं काही शिकवलं असेल तर ऐकणं. त्या म्हणायच्या, "एकट्यानं वाजवणारा स्वतःचं ऐकतो. साथ करणारीनं स्वतःचं शेवटी ऐकायचं." नट ओळ विसरला तर सूर लांबवायचा, नटी लवकर आली तर मधल्या दोन ओळी गाळून तिला गाठायचं, आणि प्रेक्षकांना यातलं काहीही कळता कामा नये. कळलं तर साथ फसली. मिसरूडही न फुटलेल्या पोरांपासून दात पडलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना तिनं खड्ड्यातून सांभाळलं. विशीच्या आत ती बाईंच्या खुर्चीवर बसली. बाई तेव्हा निवृत्त झाल्या आणि जाताना म्हणाल्या, "पाठ सरळ ठेव." शाबासकी म्हणायची ती एवढीच.

याच नाटकगृहात ताई गायला आली.

ताई तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. त्या काळी तिच्या नावाच्या पाट्या रस्त्यारस्त्यांवर लागत. आवाज असा, की वरचा सूर तिनं लावला की लोक खुर्चीत पुढे सरकत. तिचा नेहमीचा साथीदार ऐनवेळी आजारी पडला आणि मालकांनी खड्ड्यातल्या पोरीला वर काढलं. पहिलं गाणं झालं. ताईनं मान न वळवता विचारलं, "मी श्वास कुठे घेणार हे तुला कसं कळलं?"

"तुमचा डावा खांदा आधी वर जातो."

ताई हसली ती खेळ संपेपर्यंत हसतच होती. दुसऱ्या दिवशी सुताराच्या घरी येऊन तिनं पोर मागून नेली, अगदी रीतसर, चहा घेऊन.

मग कितीतरी वर्षं दोघी गावोगाव फिरल्या. आगगाड्या, बोटी, ओल्या भिंतींच्या हॉटेलातल्या खोल्या, जिथे एकीची साडी इस्त्री होत असताना दुसरी पलंगावर बसून बोटं मोडायची. ताईला भाषणं आवडत, हारतुरे आवडत, आणि बुटांवरून भांडायला आवडे. हिला आवडे ते रिकामं सभागृह. सगळ्यांच्या आधी जायचं, अनोळखी पियानोशी ओळख करून घ्यायची. कुठला सूर अडकतो, कुठला बोबडा बोलतो. लोक विचारत, लग्न का नाही केलं? ती म्हणे, "माझं बिऱ्हाड सुटकेसमध्ये. नवरा कुठे ठेवू?" ताई तिला 'पोरी' म्हणायची. पुढे केस पांढरे झाले तरी पोरीच.

आवाज माणसाआधी थकतो. समुद्राकाठच्या एका गावी ताईचा वरचा सूर जरासा घसरला. लोकांना कळलं नाही, हिला मात्र कळलं. पुढच्या गावी तिनं गाण्याची पट्टी अर्ध्या सुरानं खाली घेतली. म्हणजे तेच गाणं, जरा खालच्या पायरीवरून सुरू केलेलं. पियानोवर यासाठी सगळी बोटं बदलावी लागतात, वर्षानुवर्षं हाडात मुरलेली वाट मोडून नवी पाडावी लागते. ती सकाळभर रिकाम्या सभागृहात बसून ती वाट पाडायची आणि संध्याकाळी काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं वाजवायची. ताईचा सूर पुन्हा फुलासारखा लागला. मग काही वर्षांनी आणखी अर्धा सूर. मग आणखी. प्रत्येक गावचा पियानो वेगळा, कुठला चढलेला, कुठला उतरलेला, त्यामुळे हे झाकलंही जायचं. सांगावं असं तिला कितीदा वाटलं. पण ताईसमोर उभी राहिली की ती भलतंच काहीतरी विचारून परत फिरे. आणि बाईंची शिकवण होतीच: कळलं तर साथ फसली.

ते फसलं एका मोठ्या कार्यक्रमाच्या तालमीत. भला मोठा वाद्यवृंद होता, आणि तो चालवणारा तरुण, हुशार, बोलायला मोकळा. कागद चाळत तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, आम्ही मूळ पट्टीत लिहून आणलं होतं, पण तुमचं अलीकडचं गाणं ऐकलं, तुम्ही हल्ली फारच खाली गाता. बदलून घेऊ का?"

वाजवणाऱ्यांपैकी कुणीतरी उगाच व्हायोलिनच्या गजाला राळ लावायला लागलं. ताईनं पियानोकडे पाहिलं.

"खरं का गं?"

हिनं मान हलवली. हो.

"मूळ पट्टीत वाजवा," ताई म्हणाली.

वाजवलं. वरच्या सुराशी आवाज फाटला, जुनं कापड फाटावं तसा, अगदी सरळ रेषेत. ताईनं पर्स उचलली, रुमाल नीट घडी करून आत ठेवला आणि ती निघून गेली. त्यानंतर ती कुठेही गायली नाही. ही तिच्या घरी गेली, तर दार उघडणारी भाची म्हणाली, "आत्या घरी नाही." उंबरठ्याशी ताईच्या चपला दिसत होत्या. पुन्हा एकदा गेली. पुन्हा चपला, पुन्हा भाची. मग ती जायची थांबली.

वडील तोवर गेले होते. ती एका नाचाच्या वर्गात ठेका धरून वाजवत राहिली, जिथे कुणी तिच्याकडे बघत नसे, आणि तिलाही ते बरंच वाटे. तिथेच नातीला सोडायला आलेल्या कर्णेवाल्या मुख्याध्यापकांनी तिला ऐकलं आणि आग्रह करकरून शाळेत आणलं.

शाळेत ती रमली. पुढे मुख्याध्यापकांनी म्हाताऱ्यांसाठी गाण्याचा वर्ग काढला आणि तिला साथीला बसवलं. निवृत्त बसचालक, एक परिचारिका, एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन सख्ख्या बहिणी, असा गोतावळा. "शिकवायला एक बाई मिळाल्यात," मुख्याध्यापक उत्साहानं म्हणाले. "एके काळी फार मोठं नाव होतं म्हणे."

जिन्यावर काठीचा आवाज आला. एक एक पायरी, मध्ये दम. हळूबाईनं दाराकडे पाहायच्या आधीच ओळखलं, कारण तो दम कुठे घेतला जाणार हे तिला ठाऊक होतं.

ताई दारात थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ताई वाकली होती, पण साडीची इस्त्री तशीच कडक.

"सुरू करू या," ताई वर्गाला म्हणाली.

तासभर दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. आणि तरी ताईनं हात उचलायच्या आत सूर हजर होता, ताई थांबायच्या आत थांबत होता. बसचालक शेजाऱ्याला म्हणाला, "यांची आधीची ओळख दिसते." तेवढ्यात खालची घंटा घणघणली, गाड्या सुटल्या आणि सगळी म्हातारी माणसं पोरांसारखी खिडकीशी पळाली. पियानोपाशी दोघीच उरल्या.

"पियानो उतरलाय हा," ताई म्हणाली.

"हो. सरांना सांगितलंय मी."

"सांगितलंस? सुधारलीस म्हणायची."

हळूबाईचा चेहरा उतरला. ताई स्टुलाच्या कडेवर, तिच्या शेजारी, कण्हत टेकली.

"मला कळत नव्हतं असं वाटलं का तुला? माझा गळा, आणि मला कळणार नाही?"

"केव्हा कळलं?"

"पहिल्याच वेळी. समुद्राकाठच्या गावानंतर."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते. बोलली असतीस तर हाकलून दिली असती, ती गोष्ट वेगळी." ताई जरा थांबली. "नंतर नंतर बरं वाटायला लागलं. कुणीतरी आपली लाज राखतंय, न सांगता. तेवढंही कोण करतं?"

"मग त्या दिवशी..."

"त्या दिवशी तू मान हलवलीस. एवढ्या लोकांत. तो पोरगा बोलला त्याचं मला काही नाही, तो परका. तू 'नाही' म्हणायचं होतंस! इतकी वर्षं झाकलंस, आणखी एकदा खोटं बोलायला काय झालं होतं?"

इतक्या वर्षांत हळूबाईनं त्या दिवसाची हजार उत्तरं शोधली होती. हे मात्र तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

"मी आले होते घरी. दोनदा."

"माहीत आहे. पडद्याआडून बघत होते. छत्री विसरून गेलीस." ताईनं नाक पुसलं. "चांगली होती. मी वापरून टाकली."

आणि दोघी हसल्या. खिडकीशी उभे असलेले सगळे वळून बघायला लागले, तर दोघी म्हाताऱ्या एका स्टुलावर, एकमेकींना धक्के देत.

त्यानंतर चार-पाच वर्षं तो वर्ग चालला. ताई कडक शिकवायची, बोलून दाखवायची, ओरडायची, पण स्वतः गायची नाही. हळूबाईनं कधी आग्रह केला नाही. एका दुपारी बसचालक अगदीच अडून बसला. "बाई, तुम्ही ऐकवल्याशिवाय मला काही जमायचं नाही."

ताई पियानोकडे वळली. "कुठून घेऊ?"

"मूळ पट्टीच्या चांगलंच खालून घ्या," हळूबाई सरळ, मोठ्यानं, सगळ्यांदेखत म्हणाली. "वरचं आता झेपायचं नाही तुम्हाला."

वर्ग चपापला. ताईनं मात्र मान डोलावली आणि गायली. आवाज खोल झाला होता, जाड, कडेला थोडा खरखरीत. लोकांनी ऐकला होता तो आवाज नव्हेच. त्या दोन बहिणींपैकी धाकटीनं नकळत थोरलीचा हात धरला, आणि थोरलीनं तो सोडवला नाही.

गाणं संपल्यावर बसचालक उठून उभा राहिला. मग म्हणाला, "आता कळलं."

"काय कळलं?" ताईनं विचारलं. "म्हणून दाखवा."

त्यानं म्हणून दाखवलं. काहीही कळलेलं नव्हतं. ताईनं कपाळावर हात मारून घेतला आणि हळूबाईनं पहिली ओळ पुन्हा वाजवायला घेतली.