गाळलेली ओळ

आमच्या अर्थशास्त्राच्या ऑनलाइन ग्रुपची राखण माझ्याकडे आली, कारण मी वर्गात फारशी बोलत नव्हते. "तुझं कोणाशी वाकडं नाही, तूच सांभाळ," असं मॅडम म्हणाल्या. धुळ्यातलं आमचं कॉलेज आणि जळगावातलं एक, दोन्हीकडचे विद्यार्थी आणि शिक्षक त्यात होते. कुणी काही लिहिलं की ते आधी मला दिसे. मी मंजूर केलं की मग सगळ्यांना. मतावर हवी तेवढी टीका करा, माणसावर करू नका, एवढाच नियम. पटलं नाही तर पोस्ट लिहिणाऱ्याकडे परत पाठवायची.

कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. वडिलांना, नानांना, एरंडोलजवळच्या गावी फोनवर हे काम समजावलं तर ते म्हणाले, "मंग तू बठ्ठास्ना भांडनं सोडावस का?"

"नाही नाना, सगळ्यांची भांडणं सोडवत नाही, व्हायच्या आधीच थांबवते."

"आनि भांडन खरं ऱ्हायनं तं?"

मी हसून विषय बदलला.

होस्टेलात माझी कुणाशी मैत्री जमली नव्हती. जेवताना ताट घेऊन कुठे बसावं कळत नसे, म्हणून मी फोन समोर धरून बसे. ग्रुपबाहेर माझ्याशी बोलणारी एकच होती, जळगावच्या कॉलेजातली, माझ्याच वर्षाची. आम्ही कधी भेटलो नव्हतो.

"आज काय भाजी?" ती विचारायची.

"रश्शात वांगं शोधतेय."

"नशीबवान आहेस. आमच्याकडे वांग्याची अफवाच असते."

एकदा एका ज्येष्ठ सरांनी ग्रुपवर लिहिलं की ठिबक सिंचनामुळे आपल्या भागातलं पाणी वाचलं. तिने उत्तर लिहिलं: 'पाणी वाचलं, म्हणून आमच्या गावात केळी आणखी लावली. विहिरी आता पूर्वीपेक्षा लवकर आटतात. सर, तुम्ही शेतात शेवटचे कधी गेला होतात?'

माझं बोट शेवटच्या ओळीवर अडलं. मी तिला विचारलं, "ती ओळ काढशील?"

"का? शिवी आहे का?"

"नाही गं. सरांना लागेल."

"तुला काय वाटतं, ते गेले असतील?"

"तो मुद्दा नाही."

"तोच तर मुद्दा आहे, बाई."

आमच्या विहिरीचंही तेच झालं होतं. ठिबक घातलं त्याच वर्षी नानांनी दोन एकर केळी वाढवली होती. हे मला ठाऊक होतं. तरी संध्याकाळी मी तिची पोस्ट परत न पाठवता ती ओळ स्वतःच गाळली आणि पोस्ट मंजूर केली. सरांनी लिहिलं, 'संयत मांडणी. अभिनंदन.' खाली अंगठ्यांची रांग लागली.

तिचा मला एकच निरोप आला: "अभिनंदन तुझं."

त्यानंतर भाजीचं कुणी विचारलं नाही. मी दोनदा 'रागावलीस का' लिहून पुसलं.

आठवड्याने मी ग्रुपवर लिहिलं. माझ्या लिहिण्याला कुणाची मंजुरी लागत नव्हती, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. 'त्या पोस्टमधली एक ओळ मी लिहिणारीला न विचारता गाळली होती. ती अशी होती,' आणि खाली तिचा प्रश्न जसाच्या तसा. आमच्या विहिरीचंही लिहिलं. पाठवून फोन उशीखाली ठेवला.

तासाभरात सरांचं उत्तर आलं. 'बरीच वर्षं झाली शेतात जाऊन. प्रश्न रास्त आहे, तेव्हाच यायला हवा होता. जिने विचारला तिच्या गावाला यायला आवडेल. नेईल का ती?'

त्यांना लागलं नव्हतं. लागेल, हे मीच त्यांच्या वतीने ठरवलं होतं.

मी तिचं नाव ग्रुपच्या यादीत शोधलं. नव्हतं. कधी बाहेर पडली तेही मला कळलं नव्हतं, आणि राखण माझ्याकडे होती.

सरांचं उत्तर मी तिला पाठवलं. तिने ते वाचल्याचं दिसतं. पुढे काही नाही. सर अधूनमधून विचारतात, "मग कधी जायचं?" मी म्हणते, "विचारते, सर." आणि जेवताना अजून फोन समोर धरून बसते.