तात्यासाहेबांचा राहिलेला मासा

माझे धाकटे दीर हेमेंद्रभाऊजी यांना पाण्याची भीती. अशीतशी नव्हे. आंघोळीचा तांब्यासुद्धा ते खांद्यावर ओततात, डोक्यावर नाही. लहानपणी तलावात पडले होते, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी केसाला धरून वर काढलं, त्या दिवसापासूनचं हे. लग्नानंतर त्यांच्या बायकोनं, मंजिरीनं, हरिद्वारला चला म्हणून किती विनवलं. "गंगा तो दूर की बात, मी बाल्टीलाच हात जोडतो," म्हणाले. अशा माणसाला दर अमावस्येच्या रात्री धरणाच्या काठी एकटं उभं राहावं लागलं. रोज पूजा आटोपली की चार ओळी लिहायची मला सवय आहे, त्यात हे तुकड्यातुकड्यानं आलेलं होतं. आता सलग लिहिते आहे. भाऊजींची परवानगी आहे. "लिहा वहिनी, फक्त टकलाचं लिहू नका," एवढंच म्हणाले.

त्यांचं इथं ग्वाल्हेरात नई सडकेवर चष्म्याचं लहानसं दुकान आहे. बारीक स्क्रू बसवणारे हात. आवाज कधी चढत नाही. गिऱ्हाइकानं फ्रेम मोडून आणली तरी "हो जाएगा, हो जाएगा" म्हणत उलट त्यालाच धीर देतात.

आमचे सासरे तात्यासाहेब अगदी उलटे. फौजेतून आलेले, थाटीपूरच्या आमच्या गल्लीत त्यांचं खाकरणं ऐकून मुलं अभ्यासाला बसायची. मला सूनबाई म्हणणारे घरात ते एकटेच. त्यांना एकच नाद, मासे धरायचा, आणि तोही अमावस्येच्या रात्री. शहराबाहेर तिघऱ्याच्या रस्त्यावरून आत वळलं की एक जुनं धरण आहे. तिथला परवाना त्यांनी काढलेला. गांडूळ, पीठ असलं काही ते गळाला लावत नसत. म्हणायचे, "जेवायला बोलावून मारणं माझ्यानं होत नाही." लाकडाची नकली मासळी करायची, रंगवायची, पोटाखाली गळ अडकवायचे आणि लांब बंसीनं, म्हणजे गळाच्या काठीनं, ती अंधारात भिरकावून हळूहळू ओढत आणायची. वाऱ्यानं लाटा काठाच्या दगडांवर आपटू लागल्या की मोठे पढिन मासे उथळात शिकारीला येतात आणि त्या लाकडावर तुटून पडतात. तात्यासाहेबांनी पुष्कळ पढिन आणले. एक मात्र राहिला. तो गळाची डोर तोडून जायचा. त्याच्याबद्दल ते सोयऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायचे. "काल भेटला होता. अंगानं भरलाय."

तात्यासाहेब दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गेले. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते, समोरच्या पिंपळावर ओळीनं बसलेले, पण खाली एकही येईना. मेलेल्याची काही इच्छा राहिली असली की असं होतं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. मग एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा. माझे यजमान अभिराम म्हणाले, "तात्या, घराची काळजी करू नका." कावळा ढिम्म. नणंद सुधाताई म्हणाल्या, "तात्या, मी भावांशी भांडणार नाही." तेव्हा गुरुजीसुद्धा हसले. कावळा काही हलला नाही. मागून कुणी बोललं, "भैया, ग्वालियर का कौआ है, बिना सिफारिश नहीं आएगा." ऊन डोक्यावर आलेलं. पाय भाजत होते.

आणि हेमेंद्रभाऊजी एकदम हात जोडून ओरडले, "तात्या, तुमचा राहिलेला मासा मी तुम्हाला आणून देईन!"

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि कावळा खाली आला. एक नाही, सगळेच आले.

सुधाताई माझ्या कानात म्हणाल्या, "अगं, हा काय बोलून बसला? ह्याला तर पाण्याचा डबा धरवत नाही." दुसऱ्या कुणी असलं काही बोलून गेलं असतं तर मागाहून गुरुजींना विचारून, दक्षिणा देऊन शब्द फिरवून घेतला असता. भाऊजींनी तसं केलं नाही. घाटावर दिलेला शब्द होता, आणि पोहोचल्याची खूण सगळ्यांनी पाहिली होती.

पुढच्या अमावस्येला ते तात्यासाहेबांची बंसी स्कूटरला बांधून निघाले. त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. पहाटे आले तेव्हा ओठ पांढरे पडले होते, पण लाकडी मासळीवर दातांच्या ताज्या खुणा होत्या. मी चहा दिला आणि विचारलं, "भाऊजी, फेकायला जमलं कसं?"

कप खाली ठेवून अगदी सहज म्हणाले, "तात्या सांगतात ना."

"कसं सांगतात?"

"चुकलं की टक् करतात."

आमच्याकडे कुणाचं काही चुकलं की तात्यासाहेब बोलत नसत, टाळूला जीभ लावून टक् असा आवाज काढत. पोळी करपली, टक्. हिशेब चुकला, टक्. भाऊजी म्हणाले, की काठावर उभं राहून बंसी फेकली आणि चुकीची गेली की मागून टक् ऐकू येतं. बरोबर गेली की काही नाही. मागं वळून पाहायचं नाही, एवढं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं.

अशा बऱ्याच अमावस्या गेल्या. दुकानाच्या काचेत फ्रेमच्या जोडीला लाकडी मासे टांगलेले दिसू लागले. चष्म्याच्या काचेचे तुकडे घासून त्यांचे डोळे केलेले. संध्याकाळी दिवा लागला की ते सगळे डोळे रस्त्याकडं बघत. गिऱ्हाईक कमी झालं. भाऊजी वाळले. झोपेत त्यांचा उजवा हात फेकल्यासारखा उडायचा, असं मंजिरी सांगायची. दर वेळी तो पढिन यायचा, ओढायचा, आणि डोर तोडून जायचा.

गेल्या भाद्रपदात मंजिरीला सहावा महिना लागला होता. सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. "वहिनी, मी त्यांना सांगून टाकलंय. ही शेवटची. ह्याच्यानंतर गेले तर मी माहेरी जाईन आणि बाळंत होऊनसुद्धा परत यायची नाही. पाण्यात पाय घसरला तर माझ्या लेकरानं कुणाचं तोंड बघायचं?"

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, आणि तात्यांनी कुणाचं बघायचं?" ती रडायला लागली. "तुम्ही जाऊन येता का त्यांच्याबरोबर? तुमच्या तोंडी रामाचं नाव असतं. मला तेवढाच धीर."

यजमान झाशीला ड्यूटीवर होते. मी गेले. सकाळी घरात पान वाढून झालेलं, सवाष्ण-ब्राह्मण जेवलेले. मठातला अंगारा पदराला बांधला आणि ह्या वयात दिराच्या स्कूटरवर मागं बसले.

"घट्ट बसा वहिनी, नाहीतर दादा म्हणतील मासा आणला आणि बायको पाडली."

हसले मी. शहराचे दिवे मागं पडल्यावर कुणीच हसलं नाही.

धरणावर वारा होता. पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. दगडांवर लाट यायची, फुटायची आणि परत जाताना खडे ओढून न्यायची. दात खाल्ल्यासारखा आवाज. भाऊजींनी मला एका दगडावर बसवलं, हातात टॉर्च दिला. "फक्त माझ्या पायांवर धरा. पाण्यावर नको." मी रामरक्षा म्हणायला लागले.

त्यांनी बंसी फेकली. डोर सुटल्याचा सर्र आवाज झाला, दूर कुठंतरी लाकूड पाण्यात पडलं.

टक्.

मी टॉर्च वर केला, तो सरळ भाऊजींच्या तोंडावर. ओठ मिटलेले. ते माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "ऐकलंत ना? जरा डावीकडं गेली." माझी रामरक्षा कुठल्या ओळीवर होती ते मला आठवेना. पहिल्यापासून धरली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. एका फेकीनंतर काहीच आवाज आला नाही. मग बंसी वाकली. भाऊजी एक पाऊल ओढले गेले, मग दुसरं. "आला वहिनी, तोच आहे!" रीळ किंचाळत होतं. ते मागं रेलायचे, पुन्हा ओढले जायचे. टॉर्चच्या उजेडात मला दिसलं, पाणी त्यांच्या घोट्यावर आलंय, मग गुडघ्यावर. डोक्यावर तांब्या न घेणारा माणूस. मी ओरडले, "भाऊजी, सोडा! शब्द जाऊ दे, मी घेते पाप!"

"नाही तुटणार आज," ते म्हणाले.

आणि तो वर आला. लाटेच्या फेसात एक लांबलचक पांढरं पोट वळलं, केवढं तरी रुंद तोंड, दोन मिशा. भाऊजींनी बंसी काठावर टाकली, वाकले आणि त्याला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. लहान मूल धरावं तसं. मला वाटलं, झालं, आता फिरतील. ते काठाकडं फिरले नाहीत. मासा घेऊन आत चालू लागले. कमरेपर्यंत. छातीपर्यंत.

"भाऊजी!"

अंधारातून आवाज आला, जाड, खाकरून आलेला.

"सूनबाई, दिवा मालव."

माझ्या बोटांनी टॉर्च बंद केला. मी केला असं मला म्हणता येणार नाही.

मग नुसता अंधार. कुणीतरी हळू बोलत होतं, शब्द लागत नव्हते. दोन आवाज होते की एकच आवाज पाण्यावरून परत येत होता, ते देवाला माहीत. मी पदराचा अंगारा मुठीत धरून बसले. मंजिरीला काय तोंड दाखवू, एवढंच मनात. एकदा लाट आली नाही. म्हणजे येण्याची वेळ झाली आणि आलीच नाही, पाणी थांबून राहिलं. मग पुन्हा सुरू झाल्या.

"वहिनी." भाऊजींचा नेहमीचा बारीक आवाज, अगदी जवळून. "चला. थंडी वाजतेय."

टॉर्च लावला. डोक्यावरून पाणी निथळत होतं. हात रिकामे.

"मासा?"

"ज्याचा होता त्यानं घेतला."

घरी मंजिरी पायरीवर बसली होती. त्यांनी तिला तेच सांगितलं. ती ओल्या शर्टाला नाक लावून मोठ्यानं रडली फक्त. मला सूनबाई म्हणून हाक आली, हे मी त्या दोघांना सांगितलेलं नाही. इथं वाचतील तेव्हा कळेल.

भाऊजी त्यानंतरच्या अमावस्येला घरी होते, जेवून लवकर झोपले. काचेतले लाकडी मासे त्यांनी काढून टाकले.

दिवाळीनंतर एका रविवारी आम्ही सगळे गच्चीवर उन्हात बसलो होतो. मंजिरी आता मजेत होती. म्हणाली, "मला एकदा दाखवा ना, कसं फेकत होतात. मी कधी बघितलंच नाही." भाऊजी हसत बंसी घेऊन आले. उभे राहिले, हात मागं नेला, आणि तिथंच थांबले. बंसी कुठं धरायची ते त्यांना आठवेना. एक बोट इकडं, एक तिकडं. शेवटी कसंबसं फेकलं, तर डोर रिळातून भसाभसा सुटून त्यांच्याच पायांत गुंतली. पुन्हा फेकलं, आणखी गुंतली. मागून टक् काही आलं नाही. पहिल्यांदाच बंसी हातात घेतलेल्या माणसासारखे ते स्वतःच्या हाताकडं बघत राहिले. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"वहिनी," ते म्हणाले, "मला काहीच येत नाही."

मंजिरीनं कात्री आणली. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून मीच त्यांच्या पायाशी बसले आणि दोरी कापली.