काकांच्या सर्व्हरलाही नाही

दहावी अर्धवट सोडून हिंगोलीकडून बडोद्याला आलो तो काकांच्या भरवशावर. काका म्हणजे आमच्या गावचे जावई, घराणं पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यातलं. वाघोडियाच्या कारखान्यातला कॉम्प्युटर विभाग त्यांच्या हाताखाली. केबल ओढण्यापासून सगळं त्यांनीच शिकवलं, तरसालीची खोलीही त्यांनीच बघून दिली. त्यांच्या डब्यात काकू अजून माझ्या वाटच्या पोळ्या घालतात. त्यांना नाही म्हणायचं तर जिवावर येतं.

आमच्या स्टोरेजमध्ये डिस्कचे कप्पे आहेत, ते नेटवर्कवरून सर्व्हरना जोडलेले. काकांची पद्धत अशी, की कुठलाही कप्पा कुठल्याही सर्व्हरला उघडा. घरचीच तर मशीनं, म्हणायचे. एकदा डिस्पॅचच्या सर्व्हरला ड्रॉइंगचा कप्पा दिसला. त्यानं विचारलं, डिस्क कोरी करू? काकांनी 'हो' दाबलं. बॅकअप होता म्हणून निभावलं. वैतागून त्यांनी कप्पे जोडायचं काम माझ्या गळ्यात घातलं, आणि मी कप्प्याकप्प्याला ज्याच्या त्याच्या सर्व्हरचंच नाव लावलं. बाकीच्यांना दार बंद.

परवा काकांनी नवा सर्व्हर आणला. दुपारी मोठे साहेब बघायला येणार, तोवर ड्रॉइंगचा कप्पा याला दे, बपोर पछी, दुपार टळली की, काढून टाक, म्हणाले. मी सांगितलं, जुना सर्व्हर त्यावर लिहितोय. दोघं एकदम लिहू लागले की एकाचं दुसऱ्याला कळत नाही, फायली बिघडतात. प्रत काढून देतो. तेवढा वेळ नाही, म्हणाले.

"अरे, तुला इथं आणलं कोणी?"

"तुम्ही."

"मग?"

"म्हणूनच नाही म्हणतोय. पासवर्ड तुमच्याकडेही आहे. लावायचं तर तुम्ही लावा, माझ्या हातून होणार नाही."

मी हात खिशात घातले. मनात आलं, उद्या गाडी पकडून गावी जावं लागेल. जाईन.

काकांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "चाल, कॉपी काढ."

साहेब आले तेव्हा प्रत अर्धीच झाली होती. काकांनी बोलणी खाल्ली, माझं नाव घेतलं नाही.

डबा उघडला तेव्हा भाजी गार झाली होती. काकांनी विचारलं, उद्या पुन्हा तो कप्पा मागितला तर?

"तरी नाही."

"लाटसाहेब," म्हणत त्यांनी माझ्या वाटच्या पोळ्या पुढे सरकवल्या. मी सगळ्या खाल्ल्या.